ध्वनिमुद्रिका आणि वादकाचा वाटा

१९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत फ्रँक सिनात्रा नावाच्या सत्तावीस वर्षांच्या गायकाच्या काही ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. आज त्या ऐकल्या तर एक गोष्ट कानाला चमत्कारिक वाटते. गाणे प्रेमाचे, चाल संथ, गळा मधाळ. परंतु साथीला व्हायोलिन नाही, पियानो नाही, ट्रम्पेट नाही, ठेका धरायला साधा ड्रमही नाही. वाद्यांनी भरावयाच्या जागा मागे उभ्या असलेल्या गायकगायिकांचा मेळा नुसत्या कंठाने भरून काढतो आहे. एखाद्या रसिकाला वाटेल की हा कोणा संगीतकाराचा नवा प्रयोग असावा. प्रयोग वगैरे काही नव्हता. त्या देशातील वादक ध्वनिमुद्रणाच्या कामावर संपावर होते, आणि गायक तेवढे मोकळे होते.

आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा सिनात्राच्या गळ्याचे गुणदोष आम्हांस विचारू नयेत. पण संप म्हणजे काय, तो कोठे धरावा लागतो, कोठे फाटतो, याची थोडीफार माहिती आहे. आणि ज्या गाण्यांना पाश्चात्त्य जग आज अभिजात लोकप्रिय गीते म्हणून मान देते, त्यांतल्या कित्येकांच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास या संपावाचून समजतच नाही, असे आमचे मत आहे.

आधी तबकडी कशी तयार होई ते पाहू. त्या काळी फितीवर गाणे घेऊन मागाहून काटछाट करण्याची सोय नव्हती. गायक, वीसपंचवीस वादक, संयोजक सगळे एकाच दालनात जमत. मेणाच्या किंवा तशाच मऊ थराच्या फिरत्या तबकडीवर सुई चर कोरीत जाई. दहा इंची तबकडीची एक बाजू, मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे सुमारे तीन मिनिटे. या तीन मिनिटांत एकाचा जरी सूर घसरला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. मनासारखे उतरले की त्या मऊ तबकडीवरून धातूचा साचा घ्यायचा आणि त्या साच्याखाली लाखेचा तापलेला लगदा दाबून हजारो प्रती काढायच्या. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरकडच्या रानांत पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पापुद्रे कलकत्त्याच्या बंदरातून रवाना होत. न्यूयॉर्कच्या प्रेमगीतात आमच्या आदिवासी बायाबापड्यांचे श्रम असे मुरलेले होते, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकारांना सांगाविशी वाटत नाही, म्हणून आम्ही सांगून टाकतो.

आता मजुरीचा हिशेब पाहा. दालनात बसलेल्या व्हायोलिनवाल्याला त्या बैठकीचे ठरलेले पैसे मिळत आणि तो घरी जाई. त्याच्या वाजवण्याची तबकडी पाचशे खपो की पाच लाख खपो, त्याला पुढे दमडी नाही. एवढ्यावर थांबते तरी एक वेळ चालले असते. पण तीच तबकडी रेडिओ केंद्र वाजवी, आणि जेथे पूर्वी रोज रात्री वादकांचा ताफा लागत असे त्या हॉटेलात नाणे टाकले की गाणे सुरू करणारा ज्यूकबॉक्स तीच तबकडी वाजवी. (मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत पुढे ही यंत्रे आली, आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांत नाणी टाकलेली आहेत.) म्हणजे वादकाने एका दुपारी केलेले काम त्याच्याच भाईबंदांची वर्षभराची कामे खाऊन टाकी. विणकराने विणलेले कापड स्वतःच उठून दुसऱ्या विणकराचा माग बंद पाडते, असे कधी घडलेले नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत ते घडले.

आणि हे भय काल्पनिक नव्हते. मूकपटांच्या काळात अमेरिकेतील थिएटरांत पडद्यापुढे वादकांचे ताफे बसत. १९२७ साली बोलपटाचा उदय झाला आणि चारपाच वर्षांत हजारो वादक रस्त्यावर आले. त्यांच्या संघटनेने, म्हणजे १८९६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती देऊन लोकांना विनवले की, डब्यातले संगीत घेऊ नका, जिवंत माणसाचे घ्या. 'डब्यातले संगीत' हा शब्द बँडमास्टर जॉन फिलिप सूझा याने १९०६ सालीच वापरला होता. लोकांनी जाहिराती वाचल्या आणि बोलपटाचे तिकीट काढले. गिऱ्हाइकाच्या सद्भावनेवर कामगाराची भाकरी टिकत नसते. आमच्या तालुक्याच्या गावी बँडपथकांतील वादकांना एकत्र आणण्याचा उद्योग आम्ही काही वर्षे केला. क्लॅरिनेटवाले, ट्रम्पेटवाले, साइड ड्रमवाले. लग्नसराईतल्या सुपाऱ्यांवर वर्ष काढणारी माणसे. डीजेची गाडी आली आणि दोनतीन हंगामांत सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. वरातीतले यजमान आम्हांस म्हणत, "तुमचं खरं आहे हो, पण पोरं ऐकत नाहीत." ही पोरे अमेरिकेतही ऐकत नव्हती.

जाहिरातीने भागत नाही हे ओळखणारा माणूस होता जेम्स सीझर पेट्रिलो. शिकागोचा, १८९२ चा जन्म. बाप इटलीतून आलेला, गटारे खणणारा. पोराचे शिक्षण चौथीपर्यंत. तो ट्रम्पेट वाजवीत असे, पण वादक म्हणून त्याची ख्याती नव्हती. माणसे बांधण्यात होती. १९२२ पासून शिकागोच्या शाखेचा अध्यक्ष, १९४० मध्ये साऱ्या फेडरेशनचा. माणूस तऱ्हेवाईक. रोगजंतूंची त्याला इतकी धास्ती की हस्तांदोलनाला करंगळी पुढे करी. वर्तमानपत्रांना त्याच्या मधल्या नावाने आयती थट्टा मिळाली आणि त्यांनी त्याला हुकूमशहा ठरवून टाकले. तो हट्टी होता, सत्ता हाती ठेवण्याची त्याला हौस होती, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु त्याने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्या वर्तमानपत्रांपाशीही नव्हते.

१ ऑगस्ट १९४२ पासून फेडरेशनचा कोणीही सभासद ध्वनिमुद्रणासाठी वाद्य हातात धरणार नाही, असे त्याने जाहीर केले. सभासद सव्वा लाखाहून अधिक. संप फक्त तबकड्यांपुरता. रेडिओवर प्रत्यक्ष वाजवणे, नाचघरे, चित्रपटांचे काम चालू. यातली आखणी ध्यानात घेण्याजोगी आहे. सगळी कामे बंद केली असती तर सभासद महिन्याभरात उपाशी पडले असते. तबकडीवर जगणारे वादक थोडे होते, तबकडीमुळे मरणारे पुष्कळ. म्हणून घाव तेथेच घातला.

कंपन्यांना दिवस माहीत होता. जुलैभर त्यांनी रात्रीचा दिवस करून नवी गाणी तबकड्यांवर उतरवून घेतली आणि कपाटांत साठवली. संपाआधी हाती लागलेल्या गाण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बिंग क्रॉस्बीचे 'व्हाइट ख्रिसमस'. आयर्व्हिंग बर्लिन यांचे हे गाणे डेक्का कंपनीने २९ मे १९४२ रोजी मुद्रित केले. जगात याहून अधिक खपलेली ध्वनिमुद्रिका नाही असे मानले जाते. ती इतकी दाबली गेली की १९४७ पर्यंत मूळ साचे झिजले, आणि त्या वर्षी १९ मार्चला क्रॉस्बीला त्याच वाद्यवृंदासह पुन्हा बोलावून तेच गाणे तसेच गाऊन घ्यावे लागले. आज नाताळात सामान्यतः कानावर पडते ते हे दुसरे ध्वनिमुद्रण. ऐकणाऱ्यांना वाटते की आपण युद्धकाळातला आवाज ऐकतो आहोत. धातूचाही साचा झिजतो. मात्र साचा झिजला तर कंपनी नवा करते.

साठवण सरत आली तेव्हा कंपन्यांनी जुनी कपाटे उघडली. यातून मोठ्या मौजा घडल्या. 'कॅसाब्लांका' हा चित्रपट नोव्हेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला झळकला आणि त्यातले 'ॲज टाइम गोज बाय' लोकांच्या तोंडी बसले. चित्रपटात ते गातो डूली विल्सन. तो पियानोवर बसलेला दिसतो, पण त्याला पियानो येत नव्हता. तो ड्रम वाजवणारा, आणि पियानो दुसऱ्याच वादकाने पडद्याआड वाजवलेला. (वादकाच्या नशिबी हे असेच.) लोक दुकानात जाऊन विल्सनची तबकडी मागू लागले. ती निघणार कशी? वादक संपावर. पण गाणे मुळात १९३१ चे, हर्मन हपफेल्ड यांचे. आणि रूडी व्हॅली या गायकाने त्याच वर्षी गायिलेली तबकडी व्हिक्टर कंपनीच्या कपाटात होती. कंपनीने ती झटकून पुन्हा बाजारात आणली आणि बारा वर्षांची जुनी तबकडी १९४३ मध्ये देशभर गाजली.

सिनात्राचे प्रकरण याहून बोलके आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, कोणी ओळखत नसताना, त्याने हॅरी जेम्सच्या वाद्यवृंदाबरोबर 'ऑल ऑर नथिंग ॲट ऑल' गायिले होते. त्या काळी मान वाद्यवृंदाचा. लेबलवर ठळक नाव हॅरी जेम्सचे, गायकाचा उल्लेख खाली बारीक अक्षरांत. तबकडी काही हजारांवर खपली नाही. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीने तीच तबकडी पुन्हा काढली. आता सिनात्रा वर आणि हॅरी जेम्स खाली. ती दहा लाखांच्या घरात खपली. तेच तीन मिनिटांचे गाणे, तेच वादक, तीच फुंकर; चार वर्षांत फक्त नावांची जागा बदलली. जून १९४३ पासून कोलंबियाने सिनात्राकडून नवी गाणी घेतली तीच आरंभी सांगितलेली, वाद्यांविना कंठमेळ्याची. गायकांचा या फेडरेशनशी संबंध नव्हता, त्यांच्या संघटना निराळ्या. त्यांना संपफोडे म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. कारण त्यांना बरोबर घेण्याची तजवीज पेट्रिलोने संपाआधी करायला हवी होती आणि ती झाली नव्हती. एका छपराखाली काम करणारे दोन धंदे दोन संघटनांत असले की मालकाला किल्लीची गरज पडत नाही, दार उघडेच असते.

आणि काळ युद्धाचा. सरकारने मक्तेदारीच्या कायद्याखाली खटला भरला, तो कामगारांचा तंटा आहे म्हणून न्यायालयाने काढून टाकला. युद्धकालीन कामगार मंडळाने १९४४ मध्ये काम सुरू करण्याचा हुकूम दिला, तो मानला गेला नाही. ऑक्टोबरात खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार केली, तिलाही नकार. सैनिक रणांगणावर मरत असताना संप करणे देशद्रोह आहे, असे अग्रलेख निघाले. याविषयी आमचे मन आजही एकदम एका बाजूला जात नाही. परंतु एवढे खरे की सैनिकांचे संगीत पेट्रिलोने अडवले नाही. लष्करासाठी निघणाऱ्या 'व्ही डिस्क' नावाच्या तबकड्यांत वादकांनी वाजवले, अट एकच की त्या बाजारात विकावयाच्या नाहीत.

मालकांची फळी फुटली ती जेथे कच्ची होती तेथे. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांच्या मागे मोठमोठी रेडिओ जाळी होती. तबकड्या थांबल्या तरी घरात दुसरे उत्पन्न येत होते. डेक्काला तसा आधार नव्हता. तिचा सगळा धंदा चालू गाण्यांचा. सप्टेंबर १९४३ मध्ये तिने करारावर सही केली, पुढच्याच महिन्यात कॅपिटल या नव्या कंपनीने केली. मग डेक्काच्या दालनात वाद्ये वाजू लागली. त्याच ऑक्टोबरात तिने 'ओक्लाहोमा!' या गाजत असलेल्या संगीत नाटकाची गाणी मूळ नटसंचासह आणि पुऱ्या वाद्यवृंदासह घेतली आणि तो संच धडाक्याने खपला. याच नाटकातले एक गाणे सिनात्रा कोलंबियासाठी वाद्यांविना गात होता! दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून ऐकाव्यात; संपाचा इतिहास वाचण्याची गरज उरत नाही. व्हिक्टर आणि कोलंबिया आणखी वर्षभर तग धरून राहिल्या आणि ११ नोव्हेंबर १९४४ रोजी वाकल्या.

करारात काय मिळाले? प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे कंपनीने संघटनेच्या निधीत रक्कम भरायची. स्वस्त तबकडीला पाव सेंट, महागड्या तबकडीला अधिक. रक्कम क्षुल्लक. पण तत्त्व फार मोठे होते, आणि आमच्या या लेखाचे प्रयोजनच ते आहे. हे पैसे तबकडीत वाजवणाऱ्याला मिळावयाचे नव्हते. तबकडीमुळे ज्यांचे काम गेले त्यांना द्यावयाचे होते, आणि तेही भीक म्हणून नव्हे. निधीतून बागांत, शाळांत, इस्पितळांत फुकट जलसे करावयाचे आणि बेकार वादकांना तेथे वाजवण्याची रीतसर मजुरी द्यावयाची. यंत्राने काम खाल्ले तर यंत्राच्याच कमाईतून काम निर्माण करावयाचे, आणि लोकांनी तिकिटाशिवाय ऐकावयाचे. आमच्या गिरण्यांत, छापखान्यांत, बँकांत यंत्रे आली तेव्हा आम्ही नुकसानभरपाई मागितली, स्वेच्छानिवृत्ती मागितली, पोराला नोकरी मागितली. प्रत्येक यंत्राच्या उत्पन्नावर कायमचा वाटा मागण्याचे फारसे कोणाला सुचले नाही. त्या चौथी शिकलेल्या माणसाला १९४२ मध्ये सुचले.

मालकवर्ग स्वस्थ बसला नाही. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने संघटनेच्या हाती असा निधी देणेच बेकायदा ठरवले. पेट्रिलोने १ जानेवारी १९४८ पासून दुसरी बंदी पुकारली. हिच्यात जोर कमी होता. कंपन्या या वेळी भरपूर साठा करून बसल्या होत्या. नॅट किंग कोलचे 'नेचर बॉय' हे ऑगस्ट १९४७ मध्येच वाद्यवृंदासह मुद्रित झालेले गाणे १९४८ च्या वसंतात बाहेर पडले आणि अग्रभागी जाऊन बसले. इतर कंपन्यांना तेच गाणे हवे होते, पण वादक नाहीत. म्हणून सिनात्राने आणि सारा व्हॉन या गायिकेने ते पुन्हा नुसत्या कंठमेळ्यावर गायिले. कोणी हार्मोनिकावाले आणले, कारण फेडरेशनच्या लेखी हार्मोनिका हे वाद्य नसून खेळणे होते! वाद्य कशाला म्हणावे याविषयीचा जुना अहंकार असा अंगाशी आला. अखेर १४ डिसेंबर १९४८ रोजी तडजोड झाली. निधी राहिला, पण तो संघटनेच्या हातून काढून एका स्वतंत्र विश्वस्ताकडे देण्यात आला.

आता जे गमावले त्याकडे वळू. १९४३ साली पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोन तरुण कृष्णवर्णीय वादक एकत्र वाजवीत होते, आणि सारा व्हॉन गात होती. जॅझ संगीताचे नवे वळण, ज्याला पुढे 'बीबॉप' म्हणू लागले, ते या मंडळींच्या हातून घडत होते. त्या वृंदाची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. ज्यांनी तो नाचघरात ऐकला त्यांच्याबरोबर तो गेला. संपाची किंमत पगाराच्या दिवसांत मोजण्याची आम्हांला सवय; ही किंमत कोणत्या रकान्यात भरावी हे आम्हांस कळत नाही.

दुसरे असे की संपापूर्वी लोक वाद्यवृंदाच्या नावावर तबकडी घेत. दोन वर्षे वृंद तबकडीवरून नाहीसे झाले आणि गायक मात्र ऐकू येत राहिले. वृंद मोडले ते केवळ यामुळे, असे आम्ही म्हणणार नाही. युद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल रेशनवर गेले, नाचघरांवर कर बसला. पण संप मिटल्यावर वादक दालनात परतले तेव्हा खुर्च्या गायकाच्या मागे मांडलेल्या होत्या.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्यांना अधिक बोचते. पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या वादकांनी विचारले की, वाजवतो आम्ही आणि आमच्या श्रमाचे पैसे देशभरच्या बागांत वाजवणाऱ्यांना का? त्यांचा प्रश्नही अगदी खोटा नव्हता. बंड झाले, फेडरेशनशी भांडून निराळी गिल्ड निघाली, आणि १९५८ मध्ये पेट्रिलोने अध्यक्षपद सोडले. पुढे १९६४ पासून ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्यांसाठी वेगळा निधी झाला. दोन्ही निधी राहिले हे बरे झाले.

आपल्याकडे काय? आपल्याकडेही तबकडीवरच्या नावाची कथा आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याच्या तबकडीवर आरंभी नाव छापले गेले ते चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे. गायकांची नावे पुढे छापली जाऊ लागली, आणि साठीच्या दशकात लताबाईंनी विक्रीतल्या रॉयल्टीचा प्रश्न उघडपणे काढला. त्यावरून महंमद रफींशी त्यांचे मतभेद होऊन काही वर्षे युगुलगीते थांबली, हे सर्वश्रुत आहे. पण हा तंटा गळ्याच्या वाट्याचा. मुंबईच्या दालनांत गोव्याहून आलेले जे व्हायोलिनवादक आणि ट्रम्पेटवादक बसत, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे जे संयोजक एकेका वाद्याचे स्वर कागदावर लिहून देत, त्यांच्या वाट्याविषयी त्या भांडणात अवाक्षर निघाले नाही.

कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील रॉयल्टीचाही. मात्र त्याच २०१२ च्या दुरुस्तीत 'सादरकर्ता' या शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेले आहे. चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतसुद्धा कोठेही दिले जात नाही, त्याला, एक नैतिक हक्क सोडून, सादरकर्ता समजावयाचे नाही. नाव देण्याचा रिवाज पाळावयाचा की नाही, हे निर्मात्याच्या हाती आहे.